विहीणबाईंनी आणलेला तांब्या



मागच्या अंकात कांद्याच्या रोपवाटिकेविषयी लिहिले होते. गादीवाफे कसे करावेत, बियाण्याला औषध कसे चोळावे, रोपे माना का टाकतात, हे सारे झाले. या वेळी पुनर्लागवडीवर लिहायचे ठरले होते. पण मध्येच पाथर्डी तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले. तिने लिहिले आहे, "साहेब, तुम्ही बी-बियाणे, खत, पाणी सगळे सांगता. मला एकच सांगा. देव शब्दाला जागतो का? एक वर्ष पेरणी वाळून गेली. २०२५ च्या सप्टेंबरात उभी बाजरी पाण्याखाली गेली. नवस केला होता, तो फेडला पण होता."

मी कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालो. तिथे हा विषय नव्हता. पंचनाम्याच्या कागदातही त्याला रकाना नसतो. म्हणून पत्र खिशात ठेवले आणि तसेच खिशात घेऊन नवी मुंबईला, कोपरखैरण्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो. तिथे गेल्यावर वाटले, या प्रश्नाचे जे काही थोडेफार उत्तर मला ठाऊक आहे ते याच घरात मिळालेले आहे. ते सांगायचे तर घरातली लाज चव्हाट्यावर आणावी लागते. आणतो.

आमचे घर नेवाशाकडचे. जिथे खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली तो पैसाचा खांब आमच्यापासून दीड कोसावर. घरात माळ, आषाढीची वारी, संध्याकाळी हरिपाठ. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. आक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती नर्सिंग शिकली, नोकरीला लागली आणि १९८९ साली तिने ख्रिस्ती घरातल्या मुलाशी लग्न केले. मुलगा शेजारच्याच तालुक्यातला, मराठीच बोलणारा, आपल्यासारखीच भाकरी खाणारा. लग्नाच्या वेळी आक्काने बाप्तिस्माही घेतला.

अण्णा अंगणात उभे राहून म्हणाले, "आजपासून मला एकच लेकरू." आक्का दारात होती. आई आत चुलीपाशी होती. कोणी काही बोलले नाही. मी एकवीस वर्षांचा होतो, मीही बोललो नाही.

धर्म बदलला हे कारण आम्ही चारचौघांत सांगत होतो. खरे कारण जात होती. दाजींचे आजोबा गावकुसाबाहेरचे. हे लिहिताना आजही हात अडखळतो, पण पत्रात देवाबद्दल विचारले आहे, तेव्हा निदान खोटे तरी लिहू नये.

पुढे दर महिन्याला आक्काचे एक पोस्टकार्ड अण्णांच्या नावाने येई. ख्यालीखुशाली, मुलीचे दात आले, इकडे पाऊस फार. अण्णा वाचत नसत. मी वाचून फळीवर ठेवत असे. उत्तर आम्ही एकदाही धाडले नाही. २००३ मध्ये आई गेली तेव्हा आक्काला निरोप तिसऱ्या दिवशी दिला, मुद्दाम उशिरा. ती आली, नदीवर एकटीच बसून परत गेली. कार्डे मात्र थांबली नाहीत.

दाजी तुर्भ्याच्या बाजारात मापाडी होते. तुमच्यापैकी ज्यांचा कांदा मुंबईकडे जातो त्यांना हा बाजार माहीत आहे. पूर्वी तो मुंबईत मस्जिद बंदराकडे होता, ऐंशीच्या दशकात खाडीपलीकडे तुर्भ्याला आला. सिडकोने १९७० नंतर तिथल्या गावांच्या जमिनी घेऊन शहर वसवायला घेतले, त्याआधी त्या पट्ट्यात भातखाचरे आणि मिठागरे होती. शेतकऱ्यांच्या जमिनीवर शेतकऱ्यांचा माल विकण्याचा बाजार उभा राहिला. ज्यांची जमीन गेली त्यांना काय मिळाले हा वेगळा आणि मोठा विषय आहे, पुन्हा कधी.

१९९७ साली अण्णा ट्रकबरोबर कांदा घेऊन तुर्भ्याला गेले. काट्यावर दाजी. अण्णांनी आडत्याला सांगितले, "मापाडी दुसरा द्या." मिळाला. पुढच्या खेपेला बाजारात गर्दी, दुसरा कोणी मोकळा नव्हता. दाजींनी गोणी गोणी करून माल तोलला, पट्टी लिहिली, मान वर करून पाहिलेही नाही. अण्णा घरून वजन करून निघायचे, जुनी सवय. रात्री जेवताना ते एवढेच म्हणाले, "वजन बरोबर आलं." त्यानंतर त्यांनी दुसरा मापाडी कधी मागितला नाही आणि दाजींशी बोललेही नाहीत. बारा-तेरा वर्षे हे असे चालले. सासरा माल आणतोय, जावई तोलतोय, दोघांत शब्द नाही.

आता माझी गोष्ट. २००५ साली कायदा झाला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा आला. त्यानंतर गावोगाव बहिणींच्या सह्या घ्यायची घाई सुरू झाली, ती तुम्ही पाहिली आहे. काहींनी केलीही असेल. वकील म्हणाले, "तिनं धर्म बदलला आहे, तरी धोका कशाला? हक्कसोड घेऊन टाका." २००७ च्या उन्हाळ्यात मी आक्काला फोन केला. ती एस.टी.ने आली, नोंदणी कार्यालयात बसली, दाखवले तिथे सही केली, अंगठा दिला. मी स्टँडवर तिला चहा पाजला. घरी चल असे म्हणालो नाही. ती म्हणाली, "अण्णांचा गुडघा कसा आहे?" मग तिची गाडी लागली. मी सरकारी नोकर, पगारदार, आणि बहिणीकडून फुकट जमीन घेऊन मोटारसायकलवरून घरी आलो.

२०१५ च्या श्रावणात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा जड झाली. ते दुष्काळाचे साल होते, खरीप डोळ्यांदेखत वाळत होता, आम्हा विस्तार अधिकाऱ्यांना सुट्टी नव्हती. माझ्या पत्नीचे त्याच महिन्यात ऑपरेशन झालेले. नगरच्या दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, सहा महिने रोज व्यायाम, रोज मालिश, कोणीतरी चोवीस तास जवळ हवे. मी व्हरांड्यात बसून होतो. कोणी कळवले ठाऊक नाही, पण संध्याकाळी आक्का आली. नर्सच ती. अण्णांची नाडी पाहिली, पाठीला जखम होतेय का ते पाहिले आणि मला म्हणाली, "मी घेऊन जाते." अण्णांना विचारले नाही. त्यांना नाही म्हणताही येत नव्हते.

कोपरखैरण्याचे घर म्हणजे सिडकोच्या बैठ्या घरांपैकी एक. दोन खोल्या, पुढे हातभर ओटा. घरात दाजी, आक्का, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आणि दाजींच्या आई. त्यांना मी मावशी म्हणतो. खेड्यातल्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. बांधा बारीक, आवाज खणखणीत. पुढची खोली अण्णांना दिली आणि बाकी चौघे आतल्या खोलीत.

पहिल्या दिवशी मावशी बाजारात गेल्या आणि एक नवा स्टीलचा तांब्या, एक पेला, एक ताट आणि छोटे पातेले घेऊन आल्या. अण्णांच्या खाटेशेजारी मांडून म्हणाल्या, "हे तुमचं एकट्याचं. यात दुसरं कोणी जेवणार नाही. तुमचं जेवण लेक वेगळ्या शेगडीवर करील. आमच्या हातचं नको असेल तर नको." त्यांनी हे कुठल्याही रागाने म्हटले नाही. पाहुण्याला पंखा लावून द्यावा तसे म्हणाल्या. संध्याकाळी सात वाजता मुलीला सांगून मोबाइलवर हरिपाठ लावायला लावला. त्यांची स्वतःची प्रार्थना नऊ वाजता, आतल्या खोलीत, दार ओढून.

मला राहवले नाही. मी आक्काला बाजूला घेऊन विचारले, "त्यांना अपमान नाही वाटत का गं?" आक्का म्हणाली, "लक्ष्मीबाईंनी पण असंच केलं होतं." मला काही कळले नाही. ती म्हणाली, "स्मृतिचित्रे वाचलं नाहीस का तू?"

तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेत त्यातला एखादा धडा वाचला असेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मोठे कवी. लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८ चा. माहेरी सोवळ्याचे एवढे स्तोम की वाचताना हसावे की रडावे कळत नाही. शाळेचे तोंड पाहिले नव्हते, अक्षरे लग्नानंतर नवऱ्याने शिकवली. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बाईंच्या पदरात लहानगा दत्तू. आभाळ कोसळले. टिळकांनी त्यांना ओढून नेले नाही, टाकूनही दिले नाही. लोक म्हणत होते, आता हा दुसरे लग्न करील. त्यांनी केले नाही. पत्रे लिहीत राहिले. चार-पाच वर्षे नवरा एकीकडे, बायको एकीकडे.

मग बाई आपण होऊन अहमदनगरला नवऱ्याकडे गेल्या. पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. सोवळे घेऊनच गेल्या. ख्रिस्ती वस्तीत आपली चूल वेगळी, पाणी वेगळे. आणि टिळकांनी ती सोय करून दिली. ज्या माणसाने जातपात सोडण्यापायी सगळ्या नातेवाइकांना दुखावले, त्याने बायकोचे सोवळे सांभाळायला मदत करावी! मला तर या पुस्तकातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते, त्यांच्या कवितांपेक्षाही. पुढे एकदा बाईंनी स्वतःलाच विचारले की या जाती देवाने केल्या की माणसाने, आणि उत्तर मिळाल्यावर एका फटक्यात सोवळे टाकले. १९०० च्या सुमारास त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तोवर कोणी त्यांची चूल विझवली नव्हती.

कोपरखैरण्याला दुपारच्या वेळी भाची अण्णांना हे पुस्तक वाचून दाखवू लागली. आजोबांना झोप लागत नाही म्हणून. धर्माचे पुस्तक आहे असे समजून अण्णांनी पहिल्या दिवशी तोंड भिंतीकडे फिरवले. पण लक्ष्मीबाईंचे लिहिणे असे आहे की माणूस हसल्याशिवाय राहत नाही. टिळकांचा विसराळूपणा, हातात आलेला पैसा वाटून टाकणे, न सांगता घरी पाहुणे आणणे आणि बाईंची त्यावरची बोलणी. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या वाकड्या तोंडातून हसू आले. आक्का सांगते, झटक्यानंतर ते पहिले हसू.

टिळकांच्या घरी बालकवी राहत, हेही त्यात आले. म्हणजे आपले त्र्यंबक बापूजी ठोंबरे. हिंदू मुलगा, ख्रिस्ती घरात मुलासारखा वाढला आणि हिंदूच राहिला. अण्णांनी तो भाग पुन्हा वाचायला लावला.

तीन आठवडे त्या वेगळ्या तांब्यातले पाणी चालले. मग एका दुपारी सगळ्यांचे चहापाणी चालू होते, अण्णांना ठसका लागला. मावशींच्या हातात त्यांचा स्वतःचा पेला होता. त्या थांबल्या, नवा तांब्या शोधू लागल्या. अण्णांनी डावा हात पुढे करून तोच पेला घेतला आणि प्याले. मावशी काही बोलल्या नाहीत, आतल्या खोलीत गेल्या. त्या रात्री भाचीने पुस्तक मिटले तेव्हा अण्णा अडखळत, एकेक शब्द सुटा करीत म्हणाले, "ती बाई... पाच वर्षांत निघाली. मला... सव्वीस लागली."

आक्काने हे मला फोनवर सांगितले. मी पंचायत समितीच्या आवारात उभा होतो. मला मात्र स्टँडवरचा चहा आठवला.

दिवाळीत मी चार दिवस गेलो. डोके तापलेलेच होते. गावात टँकर सुरू झालेले, रब्बीचा पेरा निम्माही नाही, लोक मला विचारत होते की साहेब काय पेरू, आणि मला सांगता येत नव्हते. रात्री जेवल्यावर मी मावशींना जरा टोचूनच म्हणालो, "तुम्ही म्हणता, तुमचा देव शब्दाचा खरा. मग आमच्याकडं पाऊस का देत नाही?" आत्ता पाथर्डीच्या भगिनीने मला विचारले, जवळजवळ तोच प्रश्न.

मावशी रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझी आजी छप्पनच्या दुष्काळातली." छप्पनचा दुष्काळ म्हणजे १८९९-१९००. आपल्या आज्या-पणज्या त्याच्या गोष्टी सांगत. "गुजरातकडची. नऊ वर्षांची असेल. आई-बाप रस्त्यातच गेले. तिला केडगावला आणली."

केडगाव म्हणजे दौंड तालुक्यातले, पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. रमाबाईंचे आई, वडील आणि थोरली बहीण १८७४ च्या सुमारास थोड्याच काळात उपासमारीने गेले होते. तीर्थयात्रा करीत हिंडणारे ते विद्वान ब्राह्मण कुटुंब. भूक काय असते ते या बाईने अंगावर सोसलेले. १८९७ च्या दुष्काळात आणि पुन्हा १९०० मध्ये त्यांनी शेकडो अनाथ मुली केडगावला आणल्या. माळरान घेतले, विहिरी खोदल्या, फळबाग लावली, मुलींना शेतीपासून छपाईपर्यंत कामे शिकवली. मुलगी मनोरमा आईच्या बरोबरीने राबली आणि १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. शेवटपर्यंत बायबलाचे मराठी भाषांतर चालू होते. संस्था आजही आहे. शेतीखात्याच्या माणसाने केडगावचे ते काम एकदा पाहून यावे असे माझे मत आहे. माळरानावर आधी विहीर की आधी बाग, हे त्या बाईला कोणी शिकवले नव्हते.

मावशी पुढे म्हणाल्या, "आजी सांगायची, देवानं पाऊस नाही पाठवला, बाई पाठवली. आता तो शब्दाचा खरा की खोटा, ते तिलाच विचारायला पाहिजे होतं. मी तिच्या मांडीवर वाढले. तिनं कधी त्याला खोटा म्हटलं नाही. मेलेली आई तिला परत मिळाली नव्हती, बरं का. ते दुःख होतंच."

मी म्हणालो, "म्हणजे पावसाचा भरवसा नाहीच."

"पावसाचा त्यानं मला कधी शब्द दिला नाही," मावशी म्हणाल्या. "सोडून जाणार नाही, एवढाच दिलाय."

मला हे पटले की नाही, सांगता येत नाही. मी माळकरी घरातला, अजूनही आहे. पण त्या रात्री पुढच्या खोलीत अण्णांच्या खाटेखाली अंथरूण टाकून पडलो असताना नऊची प्रार्थना ऐकू आली. दार ओढलेले होते, भिंत मात्र पातळ. मावशी एकेकाचे नाव घेत होत्या. त्यात "नेवाशाचे अण्णा" आले, माझे नाव आले, माझ्या पत्नीचे आले. सकाळी आक्काला विचारले, अण्णा आजारी पडल्यापासून त्यांचे नाव घेतात का? ती म्हणाली, "लग्न झालं त्या दिवसापासून. रोज. आई गेली तोवर आपल्या आईचं पण घ्यायच्या."

म्हणजे ज्या सव्वीस वर्षांत आमच्या घरात त्या बाईचे नाव एकदाही घेतले गेले नाही, त्या सव्वीस वर्षांत तिच्या घरात आमची नावे रोज घेतली गेली होती. वाचकहो, मी शेतकऱ्यांना शब्द देणारा माणूस आहे. अनुदान येईल, बियाणे येईल, पंचनामा होईल. त्यातले कितीतरी शब्द माझ्या हातचे नसतात, तरी देतो. इतका जुना शब्द इतक्या शांतपणे पाळलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता. देव शब्दाला जागतो का हे मला कोणी पोथीतून दाखवले असते तर मी मान डोलावली असती. इथे मात्र मला पडल्या पडल्या घाम फुटला.

अण्णा तिथे सात महिने राहिले. काठी घेऊन चालू लागले. एकदा त्यांनी हट्ट धरला म्हणून दाजींनी त्यांना रिक्षाने तुर्भ्याच्या बाजारात नेले. काट्याशेजारी खुर्ची टाकून बसवले. आता काटा इलेक्ट्रॉनिक, आकडे लाल दिव्यात दिसतात. अण्णा तासभर दाजींचे तोलणे पाहत बसले. पुण्याकडचा एक शेतकरी कुरकुर करीत होता की वजन कमी भरले. अण्णा त्याला म्हणाले, "बरोबर हाय. जावई हाय माझा." दाजींनी मला हे सांगितले तेव्हा त्यांनी मान खालीच ठेवली होती, पट्टी लिहिताना ठेवत तशी.

हे सारे गोड गोड झाले असे मात्र समजू नका. अण्णा मार्चमध्ये गावी आले तेव्हा भावकीत कुजबुज झाली. एका चुलत्याने पंगतीला यायचे टाळले. अण्णांनी तिकडे लक्ष दिले नाही. वैशाखात त्यांना दुसरा झटका आला आणि ते गेले. जाण्याच्या आठ दिवस आधी मला म्हणाले होते, "विहिरीकडचा एकर... तिचा." मी हो म्हणालो.

हो म्हणालो आणि दोन वर्षे काही केले नाही. कधी सुगी, कधी मुलाची फी, कधी भावकी काय म्हणेल. हक्कसोड घ्यायला मला पंधरा दिवस लागले होते. शेवटी २०१८ मध्ये बक्षीसपत्र केले आणि सातबाऱ्यावर आक्काचे नाव लागले. या वेळी तिला स्टँडवरून सरळ घरी आणले. ती चुलीपाशी आई बसायची तिथे बसली. जमिनीचे कागद हातात घेऊन म्हणाली, "कसायची तूच. मला दरवर्षी बाजरीची गोणी आण, बास." मी म्हणालो, "निम्मा वाटा देईन." ती म्हणाली, "दे मग." देतो आहे.

इथे थोडे विषयांतर करतो. बहिणीकडून हक्कसोड घेण्याबद्दल मला पुष्कळजण विचारतात, कारण मी सरकारी माणूस. कायदा काय तो तलाठी सांगेल. मी एवढेच सांगतो की ती सही करते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहा. मी पाहिले नव्हते.

तर आता परवाची गोष्ट. बाजरीची गोणी घेऊन कोपरखैरण्याला गेलो. यंदाची बाजरी थोडी काळी पडली आहे, पावसाने. दाजी निवृत्त झाले, आक्काही. मावशी आता नव्वदीच्या पुढे आहेत. ऐकू कमी येते, माणसे ओळखतात पण साले विसरतात. मला पाहून म्हणाल्या, "पाऊस किती झाला?" मी म्हणालो, फार झाला. मग म्हणाल्या, "नेवाशाचे अण्णा बरे आहेत ना?"

मी आक्काकडे पाहिले. आक्का म्हणाली, "बरे आहेत, आई."

तो स्टीलचा तांब्या अजून त्या घरात आहे. आता तो सगळ्यांचाच झाला आहे, बुडाला एक पोचा पडलाय. जेवण झाल्यावर मी खिशातून पाथर्डीच्या भगिनीचे पत्र काढले आणि मावशींना मोठ्याने वाचून दाखवले. दोनदा वाचावे लागले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मला वाटले, झोप लागली. मग म्हणाल्या, "नाव काय तिचं?"

मी नाव सांगितले. इथे ते छापत नाही, पण त्या रात्री नऊ वाजता ते घेतले गेले, अण्णांच्या नावानंतर.

कांद्याच्या पुनर्लागवडीविषयी पुढच्या अंकात. तोवर ज्यांची रोपे सहा आठवड्यांची झाली आहेत त्यांनी पाणी हळूहळू कमी करावे, म्हणजे लागवडीपर्यंत रोप काटक होते.